बिनकांद्याची मासवडी

पुणे, मुलींचं वसतिगृह
१ फेब्रुवारी २००१

पारसशेठ,

फोनच करणार होते, पण तुमच्या घरी फोन कायम काकू उचलतात आणि मग मी घाबरून ‘सॉरी, राँग नंबर’ म्हणते. एका माणसाला किती वेळा राँग नंबर लागावा? म्हणून हे पत्र कुंडलिकच्या झेरॉक्सच्या दुकानाच्या पत्त्यावर. त्याला सांग, फोडून वाचलंस तर ओतूरला येऊन कान उपटीन.

आता कामाचं. बुधवारी, सात तारखेला, ओतूरला कांद्याचा परिसंवाद. साठवणीतला कांदा का सडतो, यावर मी बोलणार. खाली शेतकरी, व्यापारी, आणि व्यापाऱ्यांच्या रांगेत पहिल्या खुर्चीवर तुझे पप्पा. भाषण आत्तापासून चारदा लिहून फाडलं आहे. पण एम.एस्सी.च्या पहिल्या सेमिनारला मी कागद घेऊन दाराशीच उभी राहिले तेव्हा तूच म्हणाला होतास, “अक्षदा, सरांकडे बघूच नको. संपल्यावर काय खायचं ते ठरव आणि त्याच्याकडे बघ.” तेव्हापासून आपला कायदा. ज्याचं सादरीकरण झालं त्यानं मनाला येईल ते खायचं, दुसऱ्यानं समोर बसायचं. सूर्य बुडायच्या आत, आणि कांदा-लसूण नाही. ही पुढची दोन कलमं तुझी, आणि इमानदारीनं पाळते मी! कांद्याच्या वावरात वाढलेली, कांद्यावर पीएच.डी. करणारी मुलगी बक्षीस म्हणून बिनकांद्याचं खाते. आणि तू अडत्याचा मुलगा, वखारीत ट्रकभर कांदा आणि घरात एक पाकळी नाही. काय जोडी आहे!

त्या दिवशी सरांचे प्रश्न संपता संपेनात आणि आपण पळत पळत खानावळीत पोचलो तर बाहेर दिवे लागलेले. थाळी समोर आणि तू हाताची घडी घालून बसलेला. मग मी एकटीनं कशी खाऊ? दोघंही उपाशी झोपलो आणि सकाळी गरम जिलेबीवर तुटून पडलो. तशी जिलेबी परत खाल्ली नाही मी.

या वेळचं बक्षीस आईच्या हातची मासवडी. पिंपरी पेंढारला आमच्या घरी, उजेडात, तुझ्या मम्मी-पप्पांसोबत. जेवण झाल्यावर पप्पा विषय काढणार, असं तू म्हणालास. म्हणजे माझं सादरीकरण दोनदा आहे, एक ओतूरला आणि एक घरी.

आईला सगळं पढवलं आहे. ती म्हणते, “कांदा न्हाई, लसूण न्हाई, मग सारनात घालू काय, माती?” मग स्वतःच म्हणाली, “थांब, तीळ-खोबरं हाये, त्यात कोथमीर लई घालते. वास सुटला पायजे पावन्यांना.” मागच्या दारी वाफाच राखून ठेवला आहे तिनं, कुणाला काडी तोडू देत नाही. काकू आणखी काही पाळत असतील तर लगेच कळव. तू पाळत नाहीस म्हणून विसरू नकोस.

तुझी,
अक्षदा


पिंपरी पेंढार
९ फेब्रुवारी २००१

पारस,

दोन दिवस वाट बघितली, तू काहीतरी कळवशील म्हणून. आता मीच लिहिते, कारण गप्प बसले तर माझं डोकं फुटेल.

मी विचारलं होतं ना तुला? पत्रात विचारलं, नंतर कुंडलिकच्या दुकानातून तू फोन केलास तेव्हा परत विचारलं. “बाकी काही नाही गं, कांदा-लसूण सोडलं की झालं.” हेच शब्द. तुझी आई चौदसला हिरवं खात नाही हे तुला माहीत नव्हतं? लहानपणापासून तिच्या हातचं जेवतोस ना? आणि आम्ही मासवडीच्या पोटात कोथिंबीर, रश्श्यावर कोथिंबीर, ताटाच्या कडेला कोथिंबीर.

काकूंनी ताटाकडे बघितलं आणि हात मांडीवर ठेवले. “आज चौदस आहे, मी हिरवं घेत नाही. थोडं ताक द्या, बास.” किती हळू म्हणाल्या. त्यात राग नव्हता, मला दिसत होतं. पण आमच्याकडे सोयरीक जमवायला आलेल्या बाईनं ताट सरकवलं, की त्याचा एकच अर्थ होतो. मुलगी नको. चौदस-बिदस आमच्या दादाच्या गावीही नाही. त्याला वाटलं, निमित्त काढलं.

मी आत पळाले. चुलीवरची कोरडी भाकरी, ताक आणि तिळाची चटणी, एवढंच आणायचं होतं. दादाचा आवाज आतपर्यंत आला. “आमच्या कांद्यावर माडी बांधली, आन आमच्या ताटाचा इटाळ व्हतो व्हय?” अण्णा ओरडले, “गोरख, थोबाड बंद कर!” पण शब्द गेला तो गेला. तुझ्या पप्पांनी हात जोडले आणि उठले. मी ताट घेऊन बाहेर येते तर तुमची गाडी सुरू झालेली.

दादा बोलला ते वाईटच बोलला. त्याला मी सोडलेलं नाही, तेव्हापासून एक शब्द बोलले नाही त्याच्याशी. पण तुझं काय? तू तिथंच होतास, पारस. तुझी एक वडी ताटात तशीच होती, वर तुझ्या बोटांचा ठसा. म्हणजे उचलली होतीस आणि परत ठेवलीस. एवढंच म्हणायचं होतं, “मम्मीचं व्रत असतं, चूक माझी, मी सांगायचं विसरलो.” दादासुद्धा ओशाळला असता. अण्णा सांगतात, तू घास ठेवलास आणि चप्पल शोधायला लागलास.

आई दोन दिवस एकच म्हणते आहे, “माह्या कोथमिरीनं पोरीचं वाटोळं केलं.” आज पहाटे उठून तिनं परत सारण भाजलं, कोथिंबिरीशिवाय. “येतील गं. मोठी मानसं हायेत, राग निवला की येतील.” रस्त्यावर गाडी वाजली की ओले हात घेऊन दारात जाते. मी तिला नको म्हणत नाही, कारण मीही खिडकीशीच बसले आहे.

परिसंवाद चांगला झाला. विचारलं नाहीस, म्हणून सांगते.

अक्षदा


पुणे
११ जून २००१

श्री. पारस रमणलाल यांस,

चार महिन्यांनी चार ओळी. बरं झालं, वाचायला वेळ लागला नाही. बेंगळूरला बियाण्याच्या कंपनीत लागलास, अभिनंदन.

“माझ्या हातात काही नव्हतं,” असं लिहिलं आहेस. होतं की. वडी होती.

दादा तुमच्या गाळ्यावर गेला होता, तुला कळलं असेलच. स्वतःहून गेला, मी पाठवलं नव्हतं. तुझ्या पप्पांच्या पायाला हात लावला त्यानं. आमचा दादा, जो बापाच्या पाया पडताना कुरकुरतो! पप्पांनी त्याला चहा पाजला, म्हणाले, “अरे, तापल्या डोक्यानं माणूस बोलतो, माझ्या मनात काही नाही.” दादा आनंदानं उड्या मारत घरी आला. मीही वेड्यासारखी आठ दिवस तुझ्या फोनची वाट बघितली. त्यांच्या मनात काही नाही, तर मग अडलं कुठं? मला समजत नाही. दोन पदव्या घेऊन समजत नाही.

असो. लग्नाचं मी आता काही मागत नाही. माझं एकच मागणं आहे आणि ते आईसाठी आहे. तिनं घरातून कोथिंबीर हद्दपार केली आहे. पोह्यांवर नाही, आमटीत नाही. मागचा वाफा उपटून तिथं मेथी टाकली. अण्णांनी बाजारातून जुडी आणली तर गाईला घातली. मी हसण्यावारी न्यायला गेले, तर पदर तोंडाला लावून आत गेली. तू एकदा ये. पाच मिनिटं बैस, तिच्या हातची वडी खा आणि ऊठ. समोर बसून खाल्लंस तर तिच्या छातीवरचा धोंडा उतरेल. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, मी वावरात जाऊन बसते.

अक्षदा


पुणे
३ डिसेंबर २००२

पारस,

तुझं लग्न झाल्याचं धोंडाबाईनं सांगितलं. ती तुमच्याकडे मिरच्या निवडायला जाते आणि आमच्याकडे बातम्या पोचवायला. मुलगी जालन्याची, गोरी आहे, बी.कॉम. झालेली आहे, लग्नात सात प्रकारची मिठाई होती. तुझ्या डोक्यावर पुष्कळ अक्षदा पडल्या असतील, ही एक तेवढी लांब राहिली. सुखी राहा. हे मी मनापासून लिहिते आहे, दात-ओठ खाऊन नाही.

मागच्या आठवड्यात मी बेंगळूरला होते. राष्ट्रीय परिषद. हो, तुझ्याच गावात, तीन दिवस. फोन केला नाही, कारण कामात होते.

माझ्या भाषणाची पाळी शेवटच्या दिवशी दुपारी आली. पातीसकट सावलीत वाळवलेला कांदा आणि खालून हवा खेळणारी कांदाचाळ, आपल्या अण्णांच्या चाळीचेच आकडे. इंग्रजी न अडखळता बोलले. एक म्हातारे शास्त्रज्ञ मुद्दाम उठून आले आणि म्हणाले, हे काम शेतकऱ्याच्या उपयोगी पडेल. तुला सांगते, अशा क्षणी मला मागच्या रांगेत कुणाला तरी शोधायची सवय आहे, ती अजून गेली नाही.

मग बक्षीस. एका चांगल्या हॉटेलात गेले, काचेचे पेले, कापडी रुमाल, स्वतःला म्हटलं, अक्षदाबाई, आज कंजुषी नाही. वेटरला सांगितलं, कांदा-लसूण नको. त्यानं विचारलं, “जैन?” मी हो म्हणाले.

का म्हणाले, मला विचारू नकोस. तोंडातून गेलं. त्यानं फार आदबीनं वाढलं, आणि घड्याळ बघून म्हणाला, सूर्यास्ताला अजून वेळ आहे, सावकाश होऊ द्या. समोरच्या खुर्चीवर मी माझी पिशवी ठेवली होती. पनीर छान होतं, असावं. दोन घासांवर मी उठले. दुसऱ्यांदा ताटाला हात जोडून कुणीतरी उठलं, एवढंच म्हणायचं.

आईची कोथिंबीर अजून बंद आहे. मागणं तेच आहे. आता तर लग्नही झालं तुझं, आता घाबरायला काय झालं? बायकोला घेऊन ये. तिच्यासाठीही करेल आई.

अक्षदा


पिंपरी पेंढार
२० नोव्हेंबर २००४

पारस,

मी उत्तराची अपेक्षा सोडली आहे, तरी लिहिते, कारण हे सांगायला मला दुसरं कुणी नाही. चौदा डिसेंबरला माझा व्हायवा. संपलं. त्यानंतर मी डॉक्टर.

मधल्या काळात महाळुंगे पडवळचं एक स्थळ आलं होतं. माणूस चांगला होता, शिक्षक, बोलायला मऊ. मी प्रबंधाचं कारण सांगितलं. प्रबंध तेव्हा लिहून झालेला होता, पण ते आता तुला आणि मला माहीत, घरी माहीत नाही. अण्णा म्हणाले, “आक्के, तुझा कांदा सडंना झाला, पर तू वखारीतच राह्यलीस की गं.” हसत म्हणाले.

धोंडाबाई म्हणते, तू डिसेंबरात घरी येणार आहेस, बाळाला घेऊन. मुलगी झाली ना तुला? खुशबू नाव ठेवलंस म्हणे. गोड आहे नाव.

तर मग पंधरा तारखेला ये. बुधवार आहे. मी कॅलेंडर बघून ठेवलं आहे, चौदस नाही, अष्टमी नाही, काही नाही. दिवसाउजेडी. आईला मी सांगितलेलं नाही, पण ती मासवडी करणारच, माझ्यासाठी, बिनकांद्याची. आपल्या कायद्यातलं हे शेवटचं बक्षीस, आणि तुझी समोर बसायची पाळी आहे. आजवर चार पत्रांत मी तुला टोमणे मारले. हे शेवटचं आहे, यात टोमणा नाही. ये रे.

अक्षदा


पिंपरी पेंढार
१६ डिसेंबर २००४

पारस,

शेवटचं म्हणाले होते, पण हे एक लिहायला लागतं आहे.

काल तू आला नाहीस. काकू आल्या.

चार वाजता रिक्षा थांबली. आईला वाटलं, माझं कौतुक करायला गावातलं कुणी आलं. दारात कस्तुरबाई काकू, हातात पेढ्यांचा पुडा. किती वाळल्या आहेत रे त्या. आई पिठाचे हात घेऊन उंबऱ्यातच उभी राहिली. काकूच आत आल्या, चुलीशी पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, “कुशाबाई, धोंडाबाईकडून कळलं, तिथ पाहून आले. आज मला सगळं चालतं. पोरगी डॉक्टर झाली, वाढा मला.”

आईला पळी सापडेना, म्हणून मीच ताट केलं. काकूंनी रश्श्यात वडी बुडवली, एक घास खाल्ला आणि विचारलं, “कोथिंबीर कुठाय? त्या दिवशी किती सुंदर वास आला होता. तो माझ्या डोक्यातून गेलाच नाही.”

पारस, माझी आई धावत शेजारच्या रखमाजींच्या वाफ्यात गेली. अनवाणी, पदर खांद्यावरून घसरलेला. मूठभर कोथिंबीर तोडून आणली, धुतली, आणि काकूंच्या ताटात घालता घालता हमसून रडायला लागली. “बाई, मला ठाव नव्हतं वो. देवाशप्पथ ठाव नव्हतं.” काकूंनी तिचा ओला हात धरला. तो हात धरूनच त्या जेवल्या, दोन वड्या, वर रस्सा.

मग त्या बोलल्या. साधेपणानं, मला माहीत असेल असं समजून. “मी तर त्याच दिवशी गाडीत म्हणाले होते, त्या बाईचं ताट तसंच राहिलं, जिवाला बरं वाटत नाही. शुक्रवारी परत जाऊ, जेवून येऊ. पारसचे पप्पा लगेच हो म्हणाले. पोरगी त्यांना फार आवडली होती. पारसच म्हणाला, ‘नको मम्मी, राहू दे. झालं ते बरंच झालं.’”

शुक्रवार म्हणजे नऊ तारीख. आई ओले हात घेऊन दारात जात होती तो दिवस. मी खिडकीशी बसले होते तो दिवस.

काकूंनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांच्या लक्षात आलं. “तुला सांगितलं नाही त्यानं?” मी म्हटलं, “सांगितलं होतं, काकू. पेढे छान आहेत.” खोटं बोलले. त्यांच्या चांगल्या दिवसाचं मातेरं कशाला करायचं? सूर्य डोंगराला टेकला तशा त्या उठल्या. जाताना म्हणाल्या, तू घरीच होतास, खुशबूला मांडीवर घेऊन. त्यांनी चल म्हटलं, तर म्हणालास, “मी काय करू तिथं?”

बरोबर आहे तुझं. काय केलं असतंस?

इतकी वर्षं मी चौदसला दोष दिला, दादाला दिला, कोथिंबिरीला दिला. माझी आई स्वतःला जाळत राहिली. आणि तुला नुसतं एक निमित्त हवं होतं, ते आम्ही ताटात वाढून दिलं. मला नको म्हणायचं होतंस तर म्हणायचंस. मी रडले असते, तुला शिव्या घातल्या असत्या, आणि महाळुंग्याच्या त्या मास्तरांशी सुखानं संसार केला असता. एका वाक्याचं काम होतं. माझं जाऊ दे, पण माझ्या आईच्या तोंडची कोथिंबीर काढून घेतलीस तू, तिला तुझी चूक आपली वाटत असताना तू गप्प बसलास, हे मी विसरणार नाही.

रिक्षा गेली. आई अंगणात उभी होती, हसत होती. कितीतरी वर्षांनी हसली. म्हणाली, “जेवली गं बाई. दोन खाल्ल्या.” काकूंनी सांगितलेलं गाडीतलं बोलणं तिच्या कानावर पडलंच नसावं, किंवा पडलं आणि तिनं सोडून दिलं. मी विचारलं नाही.

माझं ताट तसंच झाकून ठेवलेलं होतं. बिनकांद्याचं. ते मी दादाला दिलं. म्हटलं, “आई, माझं बक्षीस राहिलंय. परत कर. कांदा घाल, लसूण घाल.”

“आगं, दिवे लागले. आता दिस बुडाल्यावर?”

“आत्ताच.”

चाळीतून कांदे मीच आणले, अण्णांचे, एकही सडलेला नव्हता. चिरायला बसले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि कांदा असल्यामुळं कुणी काही विचारलं नाही. पुष्कळ चिरले. आई म्हणाली, “बास की, गावजेवन हाय व्हय?” तेलात कांदा पडला तसा घरभर वास पसरला, आणि मला इतकी भूक लागली, पारस, की मी तव्याजवळच बसले.

पोटभर जेवले. कायद्याप्रमाणे समोर कुणीतरी बसायला लागतं. आई बसली.

अक्षदा